लांब थोडंच आहे

सुटकेस बघून मला हसूच आलं.

“नन्नू, बोट पंचवीस मिनिटांची आहे. संध्याकाळी परत यायचंय. एवढं काय भरलंय त्यात?”

“माणूस प्रवासाला निघालाय,” नन्नू म्हणाले. “प्रवासाला सुटकेस लागते.”

ते सकाळीच तयार होऊन पलंगाच्या कडेला बसले होते. करडा सूट, वरपर्यंत लावलेली बटणं, पायांत काळे बूट. सुजलेल्या पायांत ते बूट कसे घातले असतील देव जाणे. मी नाश्ता वाटून येईपर्यंत त्यांनी कुणाकडून तरी लेस बांधून घेतली होती. सूट जुना, धडधाकट दिवसांतला. आता त्यात ते आणि आणखी अर्धा माणूस सहज मावला असता.

माल्टा नावाच्या बेटावरच्या एका वृद्धाश्रमात मी तेव्हा नर्स होते. नन्नू म्हणजे तिकडच्या भाषेत आजोबा. नाव जुझेप्प, पण सगळे नन्नूच म्हणायचे. आणि मी करुणा साळवे, जालन्याची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले, नवरा अपघातात गेल्यावर लेकीला आईपप्पांकडे ठेवून दोन वर्षांच्या करारावर माल्टाला आले. दोन वर्षं संपली तेव्हा करार वाढवून घेतला. जाता येतंच की कधीही, विमानात बसलं की दुसऱ्या दिवशी घरी, असा माझा हिशोब होता.

अंतराचं मला लहानपणापासून कधी काही वाटलंच नाही. पप्पा एसटीत ड्रायव्हर. जालना-कोल्हापूर, जालना-नागपूर असल्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. कुणी विचारलं, लांब आहे का हो, तर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं : गाडीत बसलं की अर्धं आलंच. मावशीच्या घरी बारशाला आम्ही रात्रभर प्रवास करून जायचो आणि जेवून उलट पावली परत यायचो. अशा घरातली मी जाऊन पडले कुठे, तर माल्टात. तिथे जालन्याहून निघालेला माणूस बदनापूर ओलांडेपर्यंत देश संपतो. वृद्धाश्रमातल्या एका मदतनीस बाईची मुलगी लग्न होऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली, म्हणजे गाडीने पाऊण तास. तर ही बाई आठवडाभर डोळे पुसत होती. “इतक्या लांब दिली,” म्हणायची. मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

नन्नू त्याहून छोट्या बेटाचे. नकाशावर त्याचं नाव गोझो, नन्नूंच्या तोंडी आवदेश. माल्टाच्या उत्तर टोकाला उभं राहिलं तर समोर दिसतं, घरं मोजता येतील इतकं जवळ. तिथे एका गावात त्यांची एकुलती एक मुलगी राहत होती, कार्मनीबाई. साठीच्या असतील. वडिलांना हॉस्पिटलातून थेट आमच्याकडे आणलं, कारण गोझोच्या वृद्धाश्रमात जागा नव्हती. कार्मनीबाई ईस्टरला यायच्या, नाताळात यायच्या. येताना घरचं चीज आणायच्या, घड्याळाकडे बघत बसायच्या आणि जायच्या.

नन्नूंचं हृदय थकलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, आता औषधांनी फार काही होणार नाही, आठवड्यांचीच गोष्ट आहे. नन्नूंनाही ते कळलं असावं. सकाळी गोळ्या द्यायला गेलं की एकच विषय. “मला घरी जायचंय. आवदेशला. कार्मनीला सांग.”

मी कार्मनीबाईंना फोन केला. म्हटलं, एकदा घेऊन जा.

“फार लांब आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला झेपणार नाही.”

“मग मी आणते त्यांना. माझ्या सुट्टीच्या दिवशी. डॉक्टरांना विचारलंय, ते हो म्हणालेत.”

“नको. एवढ्या लांब कशाला?”

मी हे पप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसले. “अगं, असंच म्हणत असतात माणसं. तुझी आत्या काय म्हणती? कशाला आलात एवढ्या लांब, कशाला तरास घेतला. अन् चुलीवर रस्सा आधीच चढवलेला ऱ्हातो. बाप लेकीच्या दारात जायलाय, त्याला काय आवतण लागतं का? ने खुशाल.”

मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे, आणि पाहुण्याने ते न ऐकण्याचीही. मी वृद्धाश्रमाच्या मुख्य सिस्टरकडून परवानगी काढली, चाकाची खुर्ची घेतली, औषधं घेतली आणि निघाले.

बोटीवर चढताना मी तिकिटाची खिडकी शोधत होते. नन्नू म्हणाले, “जाताना तिकीट नाही. परत येताना घेतात.”

“आणि कुणी परत आलंच नाही तर?”

“मग फुकट,” ते म्हणाले आणि खूश होऊन हसले. त्या दिवशी ते वारंवार हसत होते. मला ते बघून बरं वाटलं.

बोटीत लोक बॅगा घेऊन, मुलांना गरम कपडे घालून, खाण्याचे डबे घेऊन बसले होते. जणू दूरदेशी निघालेत. मी नन्नूंना म्हटलं, “आमच्याकडे एवढ्या अंतरावर लोक दूध आणायला जातात.”

“माहितीये,” नन्नू म्हणाले. “मी मेलबर्नला होतो ना. तिथेही तसंच.”

ते ऑस्ट्रेलियात होते हे मला माहीत होतं. गोझोची अर्धी माणसं त्या काळात ऑस्ट्रेलियात गेली. मोटारींच्या कारखान्यात काम केलं, म्हातारपणी परत आले, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पुढे मी विचारलं नव्हतं.

गोझोला टॅक्सी केली. कार्मनीबाईंचं घर पिवळ्या दगडाचं, दारासमोर चर्चचा चौक. मी घंटी वाजवली. दार उघडलं. कार्मनीबाई आधी खुर्चीकडे बघत राहिल्या, मग खुर्चीच्या मागे टॅक्सीवाला खाली ठेवत होता त्या सुटकेसकडे.

“कार्मनी,” नन्नू म्हणाले. “मी आलो.”

त्या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मला थोडं थोडं समजू लागलं होतं. त्यांनी विचारलं होतं, परतीची बोट कितीची?

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. वैरी आला तरी, केव्हा जाणार, असं कुणी विचारत नाही. मला वाटलं, आपलंच काहीतरी समजण्यात चुकलं. पण नन्नूंचा चेहरा बघितला आणि कळलं की चुकलेलं नाही.

कार्मनीबाईंनी आम्हाला आत घेतलं. घर चांगलं चार खोल्यांचं, स्वच्छ. त्या एकट्याच राहत होत्या. नन्नूंची खुर्ची अंगणात लिंबाच्या झाडाखाली लावली, गुडघ्यांवर शाल घातली, पाव कापून त्यावर टोमॅटो चोळून दिला. सगळं नीट केलं. फक्त त्यांच्याकडे बघितलं नाही. नन्नू एकटेच बोलत होते. लिंबाचं झाड मोठं झालं, म्हणाले. भिंत नवी बांधलीस का, म्हणाले. मग भिंतीच्या वरच्या आभाळाकडे बघून म्हणाले, वारा फिरतोय.

कार्मनीबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“ती सुटकेस कशाला?”

“त्यांनीच भरली. हौस म्हणून.”

“हौस नाही ती. तो इथे राहायला आलाय.” त्या कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवत होत्या. “मी तुला फोनवर नको म्हटलं होतं.”

“हो. पण मला वाटलं, तुम्ही नुसतं तसं म्हणताय. आमच्याकडे म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“नको म्हणतात, आणि वाट बघतात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. खुळ्या माणसाकडे बघावं तशा.

“आम्ही नको म्हणतो तेव्हा वाट बघत नाही,” त्या म्हणाल्या.

मला राग आला होता. म्हातारा आज आहे उद्या नाही, आणि ही बाई बोटीची वेळ विचारते. मी म्हटलं, “बाई, पंचवीस मिनिटं तर आहेत. लांब थोडंच आहे? माझ्या देशात लोक आजारी बापाला बघायला दोन दोन दिवस गाडीत बसून जातात. तुम्हाला महिन्यातून एकदा यायला काय होतं?”

हे बोलायला नको होतं असं कुणाला वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही.

कार्मनीबाईंनी शेगडी बारीक केली. “मोठ्या देशातली माणसं असंच बोलतात. तोही असंच बोलायचा,” त्या म्हणाल्या. “तो गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. आईला म्हणाला, एकच तर जहाज. एका महिन्यात जातं, एका महिन्यात येतं. मग तिकडून लिहायचा. इथे लोक लग्नाला दिवसभर गाडी चालवून जातात आणि त्यांना काही वाटत नाही. आता मलाही काही लांब वाटत नाही. पुढच्या वर्षी येतो. दरवर्षी पुढच्या वर्षी. दुसरी बाई नव्हती, काही नव्हतं. असती तर आईला निदान शिव्या घालता आल्या असत्या. आई आजारी पडली. शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथे त्याचा फोन आला. म्हणाला, आता तर विमान आहे, एका दिवसात पोचतो, लांब थोडंच आहे? आई वर्षभर अंथरुणात होती. रोज विचारायची, वारा कसा आहे, बोट सुटली का.”

कॉफी उकळून वर आली. त्यांनी भांडं उतरवलं.

“लांब नाही असं जाणाराच म्हणतो,” त्या म्हणाल्या. “बसून राहतो त्याला कुणी विचारत नाही.”

बाहेर नन्नू लिंबाशी की स्वतःशी काहीतरी बोलत होते.

“तुला मुलं आहेत?” कार्मनीबाईंनी विचारलं.

“एक मुलगी. एस्तेर. माझ्या आईकडे असते.”

“कुठे?”

“भारतात.”

“म्हणजे जवळच,” त्या म्हणाल्या आणि कप घेऊन अंगणात गेल्या.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. मी ऐकून घेणारी बाई नाही. पण त्या इतक्या साधेपणाने बोलल्या की मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. मग वर्षांचा हिशोब केला, तर एस्तेर पाच वर्षांची असताना मी तिला सोडलं होतं आणि आता ती आठ पुरी करत आली होती.

दुपारनंतर कार्मनीबाईंनीच आम्हाला त्यांच्या जुन्या गाडीतून बंदरावर आणून सोडलं. परतीच्या बोटीला वेळ होता, पण त्यांना घाई होती. खुर्ची उतरवली, सुटकेस उतरवली. नन्नू म्हणाले, “मी राहिलो असतो, कार्मनी.”

“जागा नाही,” त्या म्हणाल्या.

“अंगणात राहीन.”

त्यांनी नन्नूंची मान झाकेल अशी शाल गुंडाळली, गाठ घट्ट केली आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी लगेच सुरू झाली नाही. दोनदा किल्ली फिरवावी लागली. नन्नू तेवढा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग ती सुरू झाली आणि गेली.

आम्ही प्रतीक्षागृहात बसलो. थोड्या वेळाने खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. समोर पाणी पांढरं झालं. बंदरात येणारी बोट तोंड फिरवून परत गेली आणि मग भोंग्यावरून सांगितलं की वाऱ्यामुळे बोटी बंद. पुन्हा केव्हा सुरू होतील ते सांगता येत नाही.

मी तिकिटाच्या खिडकीवर गेले. विचारलं, दुसरी काय सोय?

“दुसरी म्हणजे?” खिडकीतला माणूस म्हणाला.

“म्हणजे दुसरीकडून. वळसा घालून.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “बाई, हे बेट आहे.”

मी त्या दिवसापर्यंत अशा ठिकाणी कधी अडकले नव्हते जिथून वळसा नाही. आमच्याकडे एसटी बंद तर जीप असते, जीप नाही तर ट्रकवाल्याला हात करायचा, तेही नाही तर पाऊलवाट. रस्ता कुठून ना कुठून असतोच. इथे पाणी होतं, आणि ते नाही म्हणत होतं.

मी कार्मनीबाईंना फोन केला. “बोटी बंद झाल्यात. इथे गारठा आहे. तुम्ही या आणि त्यांना घेऊन जा. फक्त आजचा दिवस.”

“दवाखान्यात ने त्याला,” त्या म्हणाल्या. “तिथे ठेवून घेतील.”

“तुम्ही येणार नाही?”

“मी आले तर त्याला घरी न्यावं लागेल,” त्या म्हणाल्या. “म्हणून येत नाही.”

नन्नूंना मी सांगितलं की बाईंची गाडी बंद पडली आहे. ते मान हलवत राहिले. त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी तसं दाखवलंही नाही. उलट ते मजेत होते. “बघ, बंद झाली,” म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं, वारा फिरतोय?”

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. वाऱ्याने एका रस्त्यावर झाड पडलं होतं, म्हणून ती यायला वेळ लागणार होता. नन्नूंच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. मी त्यांचे हात चोळत बसले आणि ते बोलत राहिले.

“मी जहाजातून मेलबर्नला उतरलो, तर न्यायला मामेभाऊ आला होता. म्हणाला, मळ्यावर जायचंय, द्राक्षं तोडायला. सकाळी निघालो. दुपार झाली तरी गाडी थांबेना. मला वाटलं, हा मला विकायला नेतोय. मी दाराची कडी धरून बसलो, उडी मारायची म्हणून. इथे एवढा वेळ गाडी चालवली तर समुद्रात पडतो माणूस. तिथे तर समुद्रही येईना.”

मी हसले. तेही हसले आणि त्यांना धाप लागली. पाणी पाजलं.

“आधी रडायचो मी,” ते म्हणाले. “रोज वाटायचं, किती लांब आलो. तेव्हा पैसे नव्हते परत यायला. मग पैसे आले. पण तोवर सवय झाली होती. रविवारी मित्राकडे जेवायला पाच पाच तास. काहीच लांब वाटेना. आवदेशसुद्धा लांब वाटेना. म्हटलं, जाऊ की, आहेच ते तिथे.” ते समोरच्या काचेकडे बघत होते. “लांब वाटत होतं तोवर मी घरी जायच्या बेतात होतो. लांब वाटेनासं झालं, तेव्हा राहिलं ते राहिलंच.”

“कार्मनीबाईंना सांगितलंत का हे?”

“काय सांगू? तिने कधी विचारलंच नाही. चीज आणते, जेवायला देते, शाल घालते. विचारत नाही.”

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांना बसवत नव्हतं. दवाखान्यातल्या लोकांनी हात आखडता घेतला नाही. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तेच सांगितलं जे मला दिसत होतं. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. सकाळी नन्नूंनी डोळे उघडले आणि विचारलं, “आपण कुठे आहोत?”

“आवदेशला.”

“बोट?”

“अजून बंद आहे.”

“मग ठीक,” ते म्हणाले.

मी कार्मनीबाईंना फोन केला, लवकर या. बरं, म्हणाल्या. त्यांच्या गावाहून दवाखाना म्हणजे आपण भाजी आणायला जातो तेवढं. मी दाराकडे बघत होते आणि नन्नूही दाराकडेच बघत होते. मधे एकदा एक सफाईवाली बाई आत आली, तर त्यांनी मान उचलली. मग त्यांचा श्वास लांबत गेला. दुपारच्या जेवणाच्या गाड्या फिरायला लागल्या तेव्हा ते गेले.

मी चादर सारखी करत होते तेवढ्यात कार्मनीबाई आल्या. काळे कपडे, हातात पर्स. त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही. जवळ गेल्या. शर्टाची कॉलर मुडपली होती, ती बाहेर काढून सरळ केली. कपाळाचं चुंबन घेतलं. केस मागे सारले आणि पुन्हा एकदा कॉलर सरळ केली.

“मी सकाळीच फोन केला होता,” मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता. “ते दाराकडे बघत होते.”

“मी सकाळपासून इथेच आहे,” त्या म्हणाल्या. “खाली, फाटकापाशी.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाई वाऱ्यात एवढा वेळ उभी होती, दोन जिने खाली. तिला ते दोन जिने चढता आले नाहीत. मी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. त्या रडल्या नाहीत. हात गार पडले होते, ते मी धरून बसले.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, “दफन केव्हा करायचं? तुमच्या आईची कबर इथेच आहे ना?”

“इथे नाही. बोट सुरू झाली की घेऊन जा त्याला. तिकडे पुरा. माल्टाला.”

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “बाई, ते मरायला म्हणून इथे आले. एवढीच एक इच्छा होती त्यांची.”

“माहितीये.”

“आता तरी राहू द्या. आता ते काय मागणार आहेत तुमच्याकडे?”

कार्मनीबाई उठल्या. पर्स उघडून रुमाल काढला, न वापरता परत ठेवला. “आईच्या शेजारी मी त्याला घालणार नाही. ती वाट बघून बघून झोपलीये. आता कुणी उठवायला नको.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मला भेटावंसं वाटलं तर मी जाईन तिकडे. बोट आहेच. पंचवीस मिनिटं. तूच म्हणालीस ना, लांब थोडंच आहे?”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. पप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, असली कसली लेक. आई काही म्हणाली नाही.

वारा तिसऱ्या दिवशी पडला. पहिल्याच बोटीत नन्नूंची शवपेटी असलेली काळी गाडी चढवली. गोझोहून निघताना तिकीट लागतं, ते खिडकीतल्या त्याच माणसाने दिलं. मी सुटकेस घेऊन वर डेकवर जाऊन बसले. बंदरावर कार्मनीबाई दिसतात का बघितलं. नव्हत्या. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एक जुनी गाडी उभी होती, पण तसल्या गाड्या तिथे पुष्कळ असतात.

बोट सुटली आणि मी जालन्याला फोन लावला.

“एवढ्या लवकर?” आई म्हणाली. “सगळं ठीक हाय ना? वारं लई ऐकू यायलंय.”

“बोटीत आहे. आई, मी आता करार वाढवत नाही. या महिन्यातच येते.”

“अन् एवढ्या घाईनं? काही झालं का तिथं?”

“काही नाही. एस्तूला दे.”

“एस्तू, ए एस्तू,” आईने हाक मारली. “मम्मीचा फोन हाय.” लांबून पोरांचा गलका येत होता, कुणीतरी आऊट आऊट म्हणून ओरडत होतं. आईने पुन्हा हाक मारली. मी फोन कानाला दाबून धरला. बोटीच्या इंजिनाचा आवाज होता, तरी त्या गलक्यातला तिचा आवाज मला कुठला ते ओळखू येईना.

“खेळायलीय ती,” आई म्हणाली. “नंतर बोलते म्हणती.”

“बरं.”

“अन् हे बघ, करुणा. तू उगी जिवाला घोर लावून घेऊ नको. पहिल्यासारखं नाही ऱ्हायलं आता. पहिले तू फोन ठेवला की रडायची, जेवायची नाही, दारात जाऊन बसायची. आता काही नाही तसलं. आता तर आठवण पण काढत नाही तुझी.” आईच्या आवाजात समाधान होतं. “लेकरू मजेत हाय. तू निवांत ये.”